दुसरा मोबाइल नंबर: घ्यावा कसा, द्यावा कुठे आणि कुठे देऊ नये

बारावीचा निकाल लागला की जळगाव-धुळ्याकडच्या घरांत फोनचा मारा सुरू होतो. पुणे, इंदूर, बंगळूर, कुठकुठल्या कॉलेजांची माणसं बोलत असतात. पोरानं एखाद्या शिक्षण मेळाव्यात फॉर्म भरलेला असतो आणि त्यावर वडिलांचा नंबर टाकलेला असतो. त्याच नंबरावर बँकेचा ओटीपी येतो, केळीच्या व्यापाऱ्याचा फोन येतो, पीकविम्याचा मेसेज येतो. वैतागून वडील अनोळखी नंबर उचलायचंच सोडून देतात. मग माल भरायला आलेल्या गाडीचा ड्रायव्हर बांधावर उभा राहून फोन लावत राहतो आणि इकडे कुणी उचलत नाही.

यावर दुसरा नंबर घेणं हा चांगला उपाय आहे. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या फोनमध्ये दोन सिम असतातच. सुरतला उधना-लिंबायतमध्ये कामाला असलेल्यांकडे एक गुजरातचं आणि एक गावाकडचं असतं. पण दोन सिम असूनही दोन्हींवर कर्जवाल्यांचे फोन येतात, कारण कुठला नंबर कुठे द्यायचा हे कुणी ठरवलेलं नसतं. सगळं काम त्या ठरवण्यात आहे. सिम घेणं हा त्यातला सोपा भाग. घरच्यांचे, भावकीतल्यांचे आणि माझे स्वतःचे नंबर वेगळे करताना जे कळलं ते क्रमानं सांगतो.

१. आधी ठरवा: जुना नंबर कुठे, नवा कुठे

पहिला विचार मनात येतो तो असा की जुना नंबर बाजारात फुटलाय, तर नवा घेऊन बँक, आधार सगळं त्यावर नेऊ. घाई करू नका. जुन्या नंबरावर किती गोष्टी टांगलेल्या आहेत ते एकदा कागदावर लिहून बघा: आधार, बँकेची खाती, पॅन, डिजिलॉकर, गॅस, विमा पॉलिसी, पीएफ, पीएम किसानची केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक, महाडीबीटी, पोरांच्या परीक्षांचे फॉर्म. यातली एक जरी गोष्ट हलवायची राहिली तर नेमक्या गरजेच्या दिवशी ओटीपी बंद पडलेल्या नंबरावर जातो. आधारचा मोबाइल नंबर बदलायला तर स्वतःची ओळख नव्यानं पटवून द्यावी लागते.

म्हणून शंभरातल्या नव्वद घरांसाठी माझं सांगणं हेच: जुना नंबर आहे तिथेच ठेवा, तो आतला नंबर. नवा घ्याल तो बाहेरचा, दुकानात, फॉर्मवर, जाहिरातीत द्यायचा. जुन्यावरचे फोन लगेच थांबणार नाहीत. पण नवीन ठिकाणी तो देणं थांबलं आणि पुढे सांगितलेलं डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करायची नोंदणी, केलं की हळूहळू कमी होतात.

ज्यांचा जुना नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, बिलबुकावर छापलेला आहे, रावेर-यावलच्या प्रत्येक केळीवाल्याच्या फोनमध्ये आहे, त्यांचं गणित उलटं. त्यांनी जुना नंबर धंद्यासाठी उघडा ठेवावा. अशा माणसाला अनोळखी नंबर बंद करून चालत नाही, कारण त्याचा उद्याचा गिऱ्हाईक अनोळखीच असतो. त्यांनी नवा नंबर घेऊन पैशाचे व्यवहार त्यावर न्यावेत, पण एकेक करत. आधी आधार, मग मुख्य बँक खातं आणि त्यावरचं यूपीआय, मग पॅन, मग बाकीचं. प्रत्येक ठिकाणी बदल झाल्यावर एकदा ओटीपी मागवून बघायचा. हे सगळं उरकायला एखादा हंगाम गेला तरी चालेल. तोवर दोन्ही नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवायचे.

२. काय काय लागेल

- मूळ आधार कार्ड. झेरॉक्स नेऊ नका. १ जानेवारी २०२४ पासून कागदी फॉर्म बंद झालेत, सगळं दुकानदाराच्या मोबाइलवर होतं.
- चालू असलेला दुसरा कुठला तरी नंबर सोबत. ओटीपीसाठी लागतो.
- दोन सिमचा फोन. हल्लीचे बहुतेक अँड्रॉइड असतातच. एकच सिम बसणारा, पण फार जुना नसलेला आयफोन असेल तर दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम, घेता येतं.
- एक वही. कुठला नंबर कुठे दिला ते लिहून ठेवायला. वहीचं काम पुढे कळेल.

१८ वर्षांखालच्या मुलांच्या नावावर सिम मिळत नाही. अकरावी-बारावीच्या पोरांसाठी घ्यायचं असेल तर आई-वडिलांच्याच नावावर निघेल. एका माणसाच्या नावावर सगळ्या कंपन्यांची मिळून जास्तीत जास्त ९ सिम चालतात. आपल्याकडे घरातल्या एकाच कर्त्या माणसाच्या आधारवर सगळ्यांची सिम काढायची पद्धत आहे, तिथे हा आकडा लक्षात ठेवा. दूरसंचार कायदा २०२३ नुसार मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

त्या पद्धतीत आणखी एक अडचण आहे. सिम ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची आणि हक्कही त्याचा. सिम हरवलं तर नवं काढायला तोच माणूस लागतो. वडील वारले आणि मुलाचं बँकेचं सिम वडिलांच्या नावावर असलं, तर ऐन दुःखात धावपळ होते. आतला नंबर तरी ज्याचा त्याच्या नावावर असू द्या.

३. कंपनी निवडताना टॉवर बघा

बाहेरच्या नंबरासाठी महागडा डेटा प्लॅन लागत नाही. फोन आणि एसएमएस चालले की पुरे. नुसते कॉल आणि एसएमएस असलेले प्लॅन ठेवावेत असा आदेश ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना दिला. असा प्लॅन दुकानदार आपणहून सांगणार नाही, तुम्ही विचारा.

कंपनी शक्यतो पहिल्या सिमच्या कंपनीहून वेगळी घ्या. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे, किंवा चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पायथ्याला एका कंपनीची रेंज असते तर दुसरीची नसते. दोन वेगळ्या कंपन्या असल्या की निदान एक तरी लागते. सीमेवरच्या गावांत, नवापूर म्हणा किंवा रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूरकडे, फोन शेजारच्या राज्याच्या टॉवरवर जातो. त्यानं काही बिघडत नाही.

४. सिम घेताना

बसस्टँडबाहेर, आठवडे बाजारात छत्री लावून ‘फ्री सिम’ देणाऱ्यांकडून घेऊ नका. कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा, नाहीतर ओळखीच्या, पक्क्या गाळ्यातल्या दुकानात. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलची भरपूर दुकानं आहेत, धुळे-नंदुरबारलाही बाजारपेठेत मिळतील. उद्या काही झालं तर तो माणूस तिथे सापडला पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. दुकानदार तुमचा चेहरा मोबाइलवर टिपतो, पापण्या मिटायला लावतो, किंवा छोट्या यंत्रावर अंगठा घेतो. मग म्हणतो, “काका, अंगठा नीट लागला नाही, परत लावा.” शेतात काम करणाऱ्यांचे अंगठे खरंच झिजलेले असतात, म्हणून हे ऐकून कुणाला संशय येत नाही. बऱ्याचदा यंत्रच चुकतं. पण हाच बहाणा करून एकाच माणसाच्या नावावर दोन सिम चालू करायची आणि दुसरं फसवणूक करणाऱ्यांना विकायचं, असे प्रकार देशभर उघड झाले आहेत. म्हणून परत अंगठा लावण्याआधी त्याच्या स्क्रीनवर काय आलंय ते वाचा. ‘फेल’ दिसत नसेल तर अंगठा लावू नका. ओटीपी आला तर मेसेज पूर्ण वाचूनच आकडा सांगा.

घरी आल्यावर आठवड्याभरात संचार साथी उघडा. ही केंद्राच्या दूरसंचार विभागाची सेवा आहे. मे २०२३ पासून संकेतस्थळ आहे, जानेवारी २०२५ पासून ॲपही. आपल्या नावावर किती मोबाइल कनेक्शन आहेत ते बघायची सोय तिथे आहे. नंबर टाकला, ओटीपी दिला की यादी येते. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर त्यापुढे ‘हा माझा नंबर नाही’ असं नोंदवा. ही यादी आई-वडिलांचीही काढून बघा.

५. नवा नंबर खरंच नवा आहे का

दुकानदार निवडायला काही नंबर दाखवतो. त्यातले बरेच आधी कुणी तरी वापरून सोडलेले असतात. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, हे नियमातच आहे. मग त्या आधीच्या माणसाच्या कर्जाचे वसुलीवाले तुम्हाला गाठतात आणि तुम्ही तो नाही हे पटवून देताना नाकीनऊ येतात.

सोपी तपासणी आहे. सिम चालू करण्याआधी निवडलेला नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह करा आणि व्हॉट्सॲपवर दिसतो का बघा. कुणाचा फोटो दिसला, ‘ओम साई ट्रॅक्टर्स’सारखं नाव दिसलं, तर दुसरा नंबर मागा. यूपीआय ॲपमध्ये टाकून कुणाचं नाव येतं का तेही बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि दुकानदार नाही म्हणत नाहीत.

६. फोनमधली मांडणी

सेटिंगमध्ये सिमला नावं देता येतात. एकाला ‘घर’, दुसऱ्याला ‘बाजार’ असं लिहा. फोन वाजला की स्क्रीनवर ते नाव दिसतं. दोन्हींची रिंगटोन वेगळी ठेवा, म्हणजे खिशात हात घालायच्या आधीच कळतं.

डेटा ‘घर’वर ठेवा. यूपीआय ॲपला बँकेशी जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं, म्हणून आतलं सिम स्मार्टफोनमधून काढू नका.

बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी ‘दरवेळी विचारा’ हा पर्याय निवडा. याकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. प्लॉटवाल्याचा मिस्ड कॉल ‘बाजार’वर आलेला असतो, तुम्ही त्यावर बोट ठेवता आणि फोन ठरलेल्या सिमवरून, म्हणजे ‘घर’वरून लागतो. एका कॉलमध्ये आतला नंबर त्याच्याकडे जातो.

रात्री किंवा कामाच्या वेळी ‘बाजार’ सिम सेटिंगमधूनच बंद करता येतं, बाहेर काढायची गरज नाही. पार्सल यायचं असेल त्या दिवशी चालू ठेवायचं.

व्हॉट्सॲपवर २०२३ पासून अँड्रॉइडमध्ये एकाच ॲपमध्ये दोन खाती चालतात. सेटिंगमध्ये वर तुमच्या नावाशेजारच्या खुणेवर बोट ठेवलं की खातं जोडायचा पर्याय येतो. दोन्हींवर ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ हे फक्त ओळखीच्यांपुरतं करा आणि टू-स्टेप पिन लावा.

यूपीआयचा आयडी बऱ्याच ॲपमध्ये मोबाइल नंबरचाच बनलेला असतो. पैसे दिले की नंबरही दिला जातो. ॲपमध्ये नाव वापरून वेगळा आयडी बनवता येतो, तो मुख्य करून टाका.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोन सिमचं झेपत नाही. त्यांना दुसरा नंबर देऊच नका. त्यांचा एकच नंबर ठेवा, तो कुठेही देऊ नका आणि त्यांच्या फॉर्मवर तुमचा ‘बाजार’ नंबर टाका.

७. कुठे कुठला नंबर

आतला नंबर: बँक, आधार, पॅन, विमा, दवाखाना, शाळा, सरकारी योजना, रेल्वेचं तिकीट, सीईटी आणि प्रवेशाची सरकारी पोर्टलं, सोयरे-धायरे.

बाहेरचा: शिक्षण मेळावे, खासगी कॉलेजांची चौकशी, कापड दुकानाचं बिल, सराफाकडची भिशी-योजनेची चौकशी, लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या, कृषी प्रदर्शनातले स्टॉल, जुनी गाडी विकायची जाहिरात, प्लॉटची चौकशी, जेवण मागवायची ॲप, कर्जाचं ‘फक्त व्याजदर बघू’ म्हणून उघडलेलं संकेतस्थळ. या शेवटच्या ठिकाणी तर चुकूनही आतला देऊ नका. एकदा कर्जाच्या चौकशीत नंबर टाकला की तो एकाच ठिकाणी राहत नाही.

आणि लग्नाचा बायोडाटा. आपल्याकडे बायोडाटा आता कागदावर कमी आणि समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर जास्त फिरतो. भुसावळच्या ग्रुपवर टाकलेला नाशिक, पुणे, सुरत करत कुठवर जातो त्याला धरबंध नाही. मुलीचं लग्न होऊन तिला लेकरू झालं तरी “स्थळ बघायचं होतं” म्हणून फोन येतात, आणि ते सासरच्यांसमोर वाजतात. विवाह मंडळवाले, संकेतस्थळवाले, पत्रिका जुळवणारे, सगळ्यांकडे तो नंबर जातो. बायोडाट्यावर मुलीचा नंबर तर नकोच, वडिलांचा आतला नंबरही नको. बाहेरचा टाका आणि सुपारी फुटल्यावर तो शांतपणे बंद करा.

दुकानात बिल करताना नंबर मागितला तर तो देणं बंधनकारक नाही. विक्रीसाठी नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलं होतं. “नंबर नाही देत, बिल द्या” एवढं म्हणायचं. मशीन पुढे सरकत नाही म्हणाले तर बाहेरचा सांगा.

कुठे काय दिलं ते वहीत लिहा. पुढे एखाद्या नंबरावर अचानक फोन वाढले की वही बघून कुठून फुटला याचा अंदाज येतो, आणि नंबर सोडायच्या वेळी तीच यादी कामाला येते.

८. जुन्या नंबरावर डीएनडी

आतल्या नंबरावरून १९०९ ला फोन लावा आणि सांगतील तसं करा. किंवा इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून शून्य टाकून १९०९ ला एसएमएस पाठवा. ट्रायचं डीएनडी ॲपही आहे. बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी यानं बंद होत नाहीत, ती भीती काढून टाका.

नोंदणी केलेले जाहिरातवाले १४० नं सुरू होणाऱ्या नंबरांवरून फोन करतात, ते डीएनडीनं थांबतात. त्रास जास्त असतो तो साध्या दहा आकडी नंबरांवरून जाहिरात करणाऱ्यांचा. त्यांची तक्रार त्याच ॲपवरून किंवा १९०९ वर करा. फोन आल्यापासून ७ दिवसांच्या आत करता येते. नुसतं ब्लॉक केलं तर तो दुसऱ्याला त्रास देत राहतो. तक्रारी साचल्या की कंपनीला कारवाई करावीच लागते.

बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांच्या कामाच्या फोनसाठी १६०० ची मालिका राखून ठेवलेली आहे. साध्या मोबाइल नंबरावरून कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणालं तर फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरावर स्वतः लावा. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवू नका. कॉलरचं नाव दाखवणाऱ्या ॲपवर कुणीही काहीही नाव लावू शकतं.

फसवणुकीचा वास आला, पैसे गेले नसले तरी, संचार साथीवर ‘चक्षू’ मध्ये नोंद करा. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. तिथे जितका लवकर फोन, तितकी रक्कम मधेच अडवली जायची शक्यता जास्त.

“सिम बंद होणार आहे, *४०१* आणि हा नंबर दाबा” असं कुणी सांगितलं तर दाबू नका. त्यानं तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळू शकतात आणि फोनवरून येणारा ओटीपी त्याच्या कानात पडू शकतो. शंका असेल तर कॉल सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंग उघडून सगळं बंद असल्याची खात्री करा. दोन्ही सिमचं बघा.

९. परदेशी ‘व्हर्च्युअल नंबर’ची ॲप

नको. फुकट मिळणारे असे नंबर अनेक जण एकदम वापरत असतात, त्यावर आलेला ओटीपी कुणालाही दिसतो. आपल्याकडच्या बऱ्याच सेवा ते स्वीकारतही नाहीत. साधं सिम बरं.

१०. दुसरा नंबर जिवंत ठेवणं आणि सोडणं

प्लॅन संपला की आधी बाहेर जाणारे कॉल बंद होतात, मग येणारेही. बराच काळ वापरच नसेल तर नंबर जातो. प्लॅन संपायची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

बाहेरचा नंबरही दोन-तीन वर्षांत फोनांनी भरून जाईल. तेव्हा तो सोडायचा, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. पण नुसतं सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकू नका. आधी वही उघडा आणि ज्या ज्या ॲपमध्ये तो नंबर लॉगिनसाठी आहे तिथे बदला किंवा खातं काढून टाका, नाहीतर पुढे ज्याला हा नंबर मिळेल त्याला तुमचा घरचा पत्ता आणि मागवलेल्या वस्तू दिसतील. व्हॉट्सॲपचं खातं ॲपमधूनच डिलीट करा. मग कंपनीला सांगून कनेक्शन बंद करून घ्या, आणि पंधरा दिवसांनी संचार साथीवर जाऊन तुमच्या नावापुढच्या यादीतून तो नंबर गेलाय का ते बघा. गेला नसेल तर तिथेच ‘आता गरज नाही’ हा पर्याय निवडा.